जुन्या बाजारात मिळालेली प्रवासी ट्रंक: लेबलांवरून माग काढायचाय

पेठेतला_पाहुणा

मंडळी, पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी एक ट्रंक घेतली. इथे जुन्या वस्तूंची पारख असलेले बरेच जण आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे घरोघरी असायची तशी ही पत्र्याची ट्रंक नाही. बाहेरचं आवरण गडद तपकिरी आहे. ते ना चामडं, ना लाकूड. ठोकलं तर जाड पुठ्ठ्यासारखा आवाज येतो, पण नख रुतत नाही इतकं कडक आहे. भोवती लाकडी पट्ट्या, कोपऱ्यांवर लोखंडी टोप्या. लांबी साधारण तीन फूट, उंची जेमतेम चौदा इंच. झाकणावर पांढऱ्या रंगात, रोमन लिपीत हाताने रंगवलेलं: ए. डी'एस., आणि खाली बार्देश. कुलपाच्या पट्टीवर 'मेड इन इंग्लंड' आणि 'आर. डी. नं.' असं लिहून पुढे सहा आकडी नंबर. सुरुवातीचे आकडे ७६३ स्पष्ट दिसतात, पुढचे झिजलेत.

लेबलं तीन. एकावर 'बी. आय.' ही अक्षरं आणि ठळक छापलेलं 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज'. दुसरं रेल्वेचं: 'के. यू. आर.' आणि 'किसुमू'. तिसऱ्याचा फक्त शेवट उरलाय: 'गाव' असा उच्चार होईल अशी तीन रोमन अक्षरं, त्यातल्या मधल्या अक्षरावर नागमोडी रेघ. आत पट्ट्यापट्ट्यांचा कागद चिकटवलाय. तो फाटलाय तिथे खाली पोर्तुगीज भाषेतलं वर्तमानपत्र दिसतं.

ही पेटी कुणाची, कुठून कुठे गेली, हे किती शोधता येईल? आणि साफ कशी करू? आत बुरशीचा वास आहे.

रंधा_आणि_पॉलिश

मस्त वस्तू मिळाली आहे. लेबलं आणि जुना रंग घासून काढा, पट्ट्यांना पॉलिश करा, वर काच टाकली की हॉलमध्ये टीपॉय म्हणून शोभेल. अशी दोन-तीन कामं केली आहेत, फोटो पाठवतो.

कुलूपकिल्ली

पाहुणे, कृपा करून एवढ्यात काहीही घासू नका. ओलं फडकंसुद्धा लावू नका. या पेटीचे सगळे कागदपत्र तिच्या अंगावरच आहेत, ते एकदा गेले की ती नुसती पेटी उरेल. रंधाभाऊ, तुमचं काम चांगलं असतं, मी पाहिलंय. पण लेबलं नसलेल्या ट्रंका बाजारात ढिगाने मिळतात, टीपॉय त्यांचा करावा.

आधी आवरण. तुम्ही वर्णन केलंय ते व्हल्कनाइज्ड फायबर दिसतंय. सुती चिंध्यांच्या कागदाचे थर झिंक क्लोराइडच्या द्रावणातून काढून एकमेकांवर दाबले की असा टणक पत्रा तयार होतो. वजनाला हलकं, ठोकरा सोसणारं, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत विलायतेत आणि अमेरिकेत याच्या ट्रंका भरपूर झाल्या. त्याचा एकच वैरी आहे, पाणी. भिजलं की फुगतं, वाकतं आणि पुन्हा सरळ होत नाही. आतला वास घालवायला पेटी उघडी करून सावलीत, वाहत्या हवेत ठेवा. आत एका वाटीत कोळसा ठेवून झाकण लावलं तरी फरक पडतो. कडक ऊन नको, कागद ठिसूळ होतो.

आता कुलूप, कारण तुमच्या हातातला सगळ्यात पक्का पुरावा तोच आहे. 'आर. डी. नं.' म्हणजे ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या डिझाइनचा क्रमांक. ही क्रमवारी १८८४ मध्ये १ पासून सुरू झाली आणि अखंड चालली. १९०० च्या सुरुवातीला ती साडेतीन लाखांच्या पुढे होती, १९३० च्या सुरुवातीला ७,५१,००० च्या पुढे. त्या सुमारास वर्षाला साधारण नऊ-दहा हजारांची भर पडत होती. म्हणजे ७६३ ने सुरू होणारा नंबर १९३१ चा. या नोंदवह्या लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत. पूर्ण नंबर वाचता आला तर कुलूप कुणाच्या नावावर नोंदलं तेही निघतं. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी आडवी धरा आणि मोबाइलवर फोटो घ्या. झिजलेले आकडेही सावलीमुळे उठून दिसतात.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. १९३१ हे डिझाइन नोंदवल्याचं वर्ष. डिझाइनचा हक्क जास्तीत जास्त पंधरा वर्षं चालायचा आणि तोवर तेच कुलूप बनत राहायचं. म्हणजे पेटी १९३१ च्या आधीची नाही एवढंच सिद्ध होतं. त्याच वर्षीची आहे असं नाही.

बंदरवाला

वा, माझ्या आवडीचा विषय. मी लेबलांवर लिहितो.

बी. आय. म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन. ही कंपनी १९१४ मध्ये पी. अँड ओ. या दुसऱ्या ब्रिटिश जहाज कंपनीत विलीन झाली, पण जहाजं पुढेही स्वतःच्याच नावाने आणि काळ्या धुराड्यावरच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांनी ओळखली जात. मुंबई ते पूर्व आफ्रिका हा त्यांचा मोठा मार्ग: मुंबईहून सेशेल्स, मोंबासा, झांझिबार, दार-एस-सलाम, बैरा, लॉरेन्सो मार्किस आणि शेवटी डर्बन. काही फेऱ्या गोव्याच्या मुरगाव बंदराला लागत. तुमच्या तिसऱ्या लेबलावरची नागमोडी रेघ पोर्तुगीज लिखाणातली आहे, तेव्हा ते बहुधा 'मुरगाव' असावं.

रेल्वेचं लेबल तर फारच कामाचं. मोंबासाहून आत जाणारी रेल्वे आधी युगांडा रेल्वे होती. विसाच्या दशकाच्या मध्याला ती केनिया-युगांडा रेल्वे झाली, तेच तुमचं के. यू. आर. मे १९४८ मध्ये टांगानिकाची रेल्वे जोडून ईस्ट आफ्रिकन रेल्वेज अँड हार्बर्स झाली आणि लेबलांवरची अक्षरं बदलली. कुलूप म्हणतं १९३१ नंतर, लेबल म्हणतं १९४८ च्या आधी किंवा फार तर जुने छापील गठ्ठे संपेपर्यंत. बघा, दोन तुकड्यांनी किती कमी जागा शिल्लक ठेवली. किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं गाव. १९०१ मध्ये रूळ तिथे पोचले तेव्हा त्याला पोर्ट फ्लॉरेन्स म्हणत. तिथे भारतीय दुकानदार, कारकून, रेल्वेचे लोक पुष्कळ होते.

'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज' म्हणजे प्रवासात लागणार नाही, थेट जहाजाच्या तळातल्या खणात टाका. 'वॉन्टेड ऑन व्हॉयेज' असलेलं सामान सामानघरात असायचं आणि ठरावीक वेळी उघडायला मिळायचं, 'केबिन'चं लेबल असलेलं थेट खोलीत जायचं. आता गंमत अशी की चौदा इंच उंचीची ट्रंक मुळात केबिनसाठीच बनते, बिछान्याखाली सरकावी म्हणून. ती तळात गेली, म्हणजे मालकाकडे त्या खेपेला बरंच सामान असावं. सहा महिन्यांच्या रजेवर जाणारा माणूस एवढं नेत नाही. बिऱ्हाड हलवणारा नेतो.

म्हापशेकर

बार्देश वाचून राहवलं नाही. उत्तर गोव्यातल्या आमच्या बार्देशात असा गाव सापडणार नाही जिथला कोणी आफ्रिकेला गेला नाही. आल्दोना, साळगाव, शिवोली, कुठेही जा. परत आलेल्याला 'आफ्रिकार' म्हणायचे आणि त्याच्या घराचा सोपा वेगळाच असायचा.

पण दुसरी शक्यताही ध्यानात घ्या. डी'एस. म्हणजे डिसोझा, डिसा, डिसिल्वा यांपैकी कोणीही, आणि आमच्याकडे जहाजावर काम करणारे तारवटी खूप होते. बी. आय. आणि पी. अँड ओ.च्या जहाजांवर स्वयंपाकी, बटलर, केबिन सांभाळणारे गोंयकारच. ते मुंबईत धोबी तलावाच्या कुडींत उतरत. कूड म्हणजे एकेका गावाचा क्लब. जेर महालात आजही आहेत. भिंतीला लागून सदस्यांच्या पेट्या ओळीने, मध्ये देवाची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. माणूस जहाजावर असला तरी पेटी कुडीत त्याची जागा धरून बसायची. अशी एखादी बेवारस पेटी पुढे चोर बाजारात आणि तिथून पुण्याला गेली असेल तर नवल नाही.

बंदरवाला

म्हापशेकर, कुडींची माहिती उत्तम. तरी ही तारवट्याची पेटी असेल असं मला वाटत नाही. कामगार म्हणून चढणाऱ्याच्या सामानाला प्रवाशांची लेबलं लागत नाहीत, आणि किसुमू बंदरापासून शेकडो मैल आत आहे. जहाज मोंबासाला लागलं की तारवटी जहाजावर परततो, पेटी घेऊन आगगाडीने सरोवराकडे जात नाही.

म्हापशेकर

हा मुद्दा मान्य. तारवट्याने नंतर विकत घेतली असेल एवढी एकच वाट उरते, पण झाकणावरची अक्षरं बार्देशच्याच माणसाची आहेत. तेव्हा आफ्रिकारच.

नैरोबीची_नात

पहिल्यांदाच लिहितेय, एरवी फक्त वाचते. माझे आजोबा रत्नागिरीकडचे, नैरोबीत रेल्वेच्या हिशेब खात्यात होते. माझी आई तिथेच जन्मली. म्हणून पाहुण्यांच्या पेटीबद्दल वाचताना अंगावर काटा आला.

तिथल्या गोवेकरांबद्दल आईकडून खूप ऐकलंय. सरकारी कचेऱ्या, बँका, रेल्वे, सगळीकडे कारकून म्हणून त्यांच्यावर भिस्त होती. शिंपी आणि बेकरीवालेही होते. नैरोबीत गोवेकर शिंप्यांची स्वतःची संस्था होती. डॉक्टर रोझेन्दो आयरेस रिबेरो तर झेब्र्यावर बसून रोगी तपासायला जात, त्यांच्या नावाची शाळा आईला चांगली आठवते.

शोधायचं असेल तर केनिया गॅझेट बघा. १८९९ पासूनचे अंक स्कॅन झालेत, फुकट वाचता येतात, शब्द टाकून शोधताही येतं. सरकारी नेमणुका, बदल्या, दुकानांचे परवाने, मृत्युपत्रांच्या जाहिराती, सगळं त्यात आहे. माझ्या आजोबांची बढती मला तिथेच सापडली. एका ओळीची नोंद, पण आईने ती किती वेळा वाचली सांगू.

आणि एक. लोक अशा वेळी लगेच इंग्लंडच्या प्रवासी याद्यांच्या संकेतस्थळांवर पैसे भरतात. त्या याद्या फार चांगल्या आहेत, १९६० पर्यंतच्या आहेत, पण त्या ब्रिटनच्या बंदरात येणाऱ्या आणि तिथून निघणाऱ्या लांब पल्ल्याच्या जहाजांच्या. मुंबई किंवा मुरगाव ते मोंबासा जाणारा माणूस त्यात येणारच नाही. एखाद्याचे आजोबा बॅरिस्टर व्हायला किंवा वैद्यकी शिकायला विलायतेला गेले असतील तर मात्र तिथे जरूर पाहावं, वय आणि लंडनचा पत्तासुद्धा मिळतो.

कागद_जपा

दस्तऐवज जतनाचं काम करते, म्हणून दोन गोष्टी.

लेबलं अंधारात अतिनील टॉर्चखाली बघा, नोटा तपासायची छोटी टॉर्च चालते. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चकाकी आणणारी रसायनं महायुद्धानंतर, मुख्यतः पन्नाशीच्या दशकापासून कागदात आली. लेबल निळसर पांढरं चमकलं तर ते तेव्हाचं किंवा नंतरचं. मंद पिवळट राहिलं तर जुनं असण्याची शक्यता वाढते, सिद्ध मात्र होत नाही, कारण बिनरसायनाचा कागद नंतरही बनत होताच.

दुसरं, आतलं वर्तमानपत्र. त्यावर तारीख मिळाली तर फार आनंद होईल, पण ती पेटीची तारीख समजू नका. कारखान्यातून येताना आत छापील कागद असायचा. वर्तमानपत्र लावलं ते कुणीतरी घरी दुरुस्ती करताना. म्हणजे ती तारीख त्या दुरुस्तीची. पोर्तुगीज पत्र असल्याने पेटी तेव्हा गोव्यात होती असं मानायला हरकत नाही. पणजीचं 'ओ एराल्दो' १९०० पासून निघत होतं, ते असू शकेल. वरचा कागद सोलू मात्र नका. फाटलेल्या जागेतून जेवढं वाचता येतं तेवढंच वाचा.

कुलूपकिल्ली

आणि पाहुणे, विक्रेत्याला पुन्हा जाऊन भेटा, लवकर. पेटी कुठल्या घरातून आली, सोबत आणखी काय आलं, हे त्याला आज आठवत असेल, महिन्याभराने आठवणार नाही. घासाघीस करायची नाही, चौकशी करायची.

पेठेतला_पाहुणा

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

टॉर्च आणली. रेल्वेचं लेबल आणि मुरगावचं लेबल अजिबात चमकत नाहीत. बी. आय.चं मात्र लख्ख निळं चमकतं, आसपासच्या फायबरवर उजेड पडावा इतकं. आडव्या उजेडात कुलपाचा चौथा आकडा २ दिसतोय.

विक्रेत्याकडेही गेलो. त्याने आठवून सांगितलं की ही कॅम्पातल्या एका जुन्या घरातली, तिथली म्हातारी बाई गेल्यावर नातेवाइकांनी सामान काढलं. सोबत एक शिलाई मशीन आणि येशूची फ्रेम होती, दोन्ही विकली गेली. नाव त्याने विचारलं नव्हतं. मग मालक शिंपी होता असं म्हणायचं का?

नैरोबीची_नात

शिलाई मशीनवरून नको. त्या काळात ते प्रत्येक घरात असायचं, आमच्याकडेही होतं आणि आजोबा हिशेबनीस होते.

बंदरवाला

नातीशी सहमत. पण चमकणाऱ्या लेबलाने फार मोठं काम केलंय.

एका पेटीवर आता दोन वेगळे प्रवास दिसतात. पहिला मुरगावहून मोंबासा आणि पुढे आगगाडीने किसुमू, १९३१ ते १९४८ च्या दरम्यान. त्यातही युद्धाच्या वर्षांत हा मार्ग भयंकर धोक्याचा होता. बी. आय.चंच 'तिलावा' जहाज मुंबईहून मोंबासाकडे निघालेलं असताना २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवलं, २८० माणसं गेली. वाचलेल्यांना ब्रिटिश युद्धनौकांनी उचललं आणि त्यांतले बहुतेक मुंबईला परत आणले. किती ट्रंका तळाशी गेल्या असतील याचा हिशेब कोण ठेवणार. तेव्हा हा प्रवास युद्धाआधीचा किंवा लगेच नंतरचा असावा असा माझा कौल. कौलच म्हणा, पुरावा नाही.

दुसरा प्रवास पन्नाशी-साठीतला. त्या काळात बी. आय.ची नवी 'कंपाला' आणि 'करंजा' ही जोडी मुंबई-आफ्रिका मार्गावर होती, १९४७-४८ साली बांधलेली. त्या दोघींची नावं आफ्रिकेतल्या प्रत्येक भारतीय घरात माहीत होती. आणि सामान तळात टाकण्याइतकं होतं, हे आधी बोललोच.

नैरोबीची_नात

म्हणजे कायमचं परतणं. केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला. नागरिकत्व घ्यायचं की नाही हे ठरवायला दोन वर्षं मिळाली. ज्यांनी घेतलं नाही त्यांना पुढे कामाचे परवाने लागू झाले, नोकऱ्या जाऊ लागल्या. ब्रिटिश पासपोर्टवाले इंग्लंडकडे धावले, तर मार्च १९६८ मध्ये तिथेही कायदा करून दार अरुंद केलं. आमच्या घरात तेव्हा रोज रात्री हीच चर्चा चालायची असं आई सांगते. एका भावाने इंग्लंड धरलं, आजोबा मुंबईला आले.

ती कॅम्पातली बाई कदाचित त्या काळात तरुण असेल, आईवडिलांबरोबर आली असेल. विक्रेत्याला तिचं घर माहीत असेल तर नातेवाइकांपर्यंत पोचता येईल का? वस्तू परत देण्यासाठी म्हणत नाही, ती तुम्ही रीतसर घेतली आहे. पण त्यांना विचारावं. कदाचित त्यांच्याकडे फोटो असतील आणि ही पेटी कोणत्या प्रवासाची ते त्यांनाच माहीत नसेल.

म्हापशेकर

मला गोव्यातच परतण्याची शक्यता जास्त वाटत होती, पण पोर्तुगीज वर्तमानपत्र १९६१ च्या आधीचं असणार असं धरलं तर पेटी मधल्या काळात एकदा गोव्यात येऊन दुरुस्त झाली आणि नंतर पुन्हा गेली, असंही होतं. आमच्याकडे चार वर्षांनी लांब रजा मिळायची, लग्नं त्याच रजेत व्हायची. १९५५ मध्ये सीमा बंद झाली, कॅसलरॉकची गाडी थांबली, तेव्हा रजेवर येणाऱ्यांचे फार हाल झाले.

चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि १९१४ पासूनची नागरी जन्मनोंद या दोन्ही वाटा आहेत, पण त्यासाठी गाव कळायला हवा. नुसतं बार्देश पुरत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला, कडेच्या पट्टीखाली बघा, तिथे गावाचं नाव पेन्सिलने लिहायची पद्धत होती.

पेठेतला_पाहुणा

म्हापशेकर, पट्टीखाली पेन्सिलीच्या खुणा आहेत, पण अक्षरं लागत नाहीत. फोटो टाकतोय, कुणाला वाचता आलं तर सांगा.

विक्रेत्यामार्फत त्या कुटुंबाला निरोप पाठवलाय आणि माझा नंबर दिलाय. त्यांची इच्छा असेल तर ते फोन करतील. त्यांचं नाव कळलं तरी इथे लिहिणार नाही. केनिया गॅझेटमध्ये डी'एस.वाले ए. इतके निघाले की त्यातला एक उचलून 'हाच' म्हणणं मला योग्य वाटत नाही, त्यामुळे किसुमूशी संबंध असलेल्या नोंदी फक्त वेगळ्या काढून ठेवतोय.

कागद_जपा

पहिलं अक्षर एस किंवा एल वाटतंय. शेवटी ओ आहे. फोटो डाव्या बाजूने उजेड देऊन पुन्हा काढाल का?

म्हापशेकर

एस आणि शेवटी ओ असेल तर साळगाव बसतं, शिवोली बसत नाही. नवा फोटो आला की साळगावच्या एका जाणत्या मित्राला दाखवतो.

देवळालीकर

या निमित्ताने विचारतो. आमच्याकडे काळ्या रंगाची टिनची पेटी आहे, झाकणावर पितळी पट्टी, त्यावर इंग्रजी आडनाव आणि 'आर. ई.'. आजोबांनी छावणीतल्या लिलावात घेतलेली. आत 'आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.' असा शिक्का. हिचाही माग लागेल का?

कुलूपकिल्ली

देवळालीकर, तुमचं काम यापेक्षा सोपं आहे. तो अधिकाऱ्याचा गणवेश ठेवायची पेटी, आर. ई. म्हणजे रॉयल इंजिनिअर्स. आर्मी अँड नेव्हीची मुंबईतली इमारत काळा घोड्याला आजही उभी आहे. सी. एस. एल. म्हणजे को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. १९३४ मध्ये त्यांनी नाव बदलून स्टोअर्स केलं, म्हणजे तुमची पेटी बहुधा त्याआधीची. ब्रिटिश लष्कराच्या अधिकाऱ्यांच्या छापील याद्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवल्या आहेत आणि लंडन गॅझेटमध्ये नेमणुका-बढत्या फुकट शोधता येतात. आडनाव आणि आद्याक्षरं मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, आणि पितळेला ब्रासो लावू नका.